पाटी तीच, रस्सा दुसराच : आपल्या खानावळीचं काय झालं?

मार्कंडेयकाठ

शहापूर आणि खासबागच्या मधल्या बोळातली मटणाची खानावळ म्हटलं की जुन्या बेळगावकराला नाव सांगावं लागत नाही. म्हणून मीही लिहीत नाही. दिवाळीनंतर ती विकली गेली. कानावर आलं होतं, पण पाटी तीच, गल्ल्यामागचा देवाचा फोटोही तोच, तेव्हा बदल कागदावरच झाला असेल असं धरून चाललो होतो. रविवारी पाहुण्यांना घेऊन गेलो आणि पहिल्या वाटीतच कळलं.

रस्सा लाल होता. इतका लाल की पाहुण्यांनी पाण्याचा तांब्या आधीच जवळ ओढला. तोंडात घेतला तर तिखटाचा पत्ता नाही, उलट गोडसर आणि दाट, काजूची पेस्ट पडल्यासारखा. पूर्वीचा रस्सा पातळ असायचा. वर तवंग, त्याखाली भाजलेल्या खोबऱ्याचा आणि तिळाचा वास, आणि घास गिळल्यावर मागून येणारा चटका. भाकरी कुस्करून वर ओतला की भाकरीच तो पिऊन टाकायची. आताचा रस्सा भाकरीवर नुसता बसून राहतो.

सुकं मटण नावाला सुकं. हाडाला धरलं की मांस आपोआप गळून पडतं. लोकांना हे आवडत असेल, "काय मऊ आहे" म्हणतात. मला त्यात दाताला काही लागलंच नाही. खिमा उंडे, म्हणजे खिम्याचे गोळे, मागितले तर पोराला माहीतच नव्हते. "सर, खिमा मसाला आहे." आणि भाकरी! चुलीपुढं बसून दोघी बायका थापायच्या आणि फुगलेली भाकरी थेट ताटात यायची. आता डब्यात रचून ठेवलेली येते, कडा वातड. "रोटी चालेल का? लगेच देतो," असं विचारलं, तेव्हा मी पाहुण्यांकडं बघायचं टाळलं.

मेन्यूकार्ड आलंय, प्लास्टिकचं. मटण हंडी, मुघलाई, शेवटच्या पानावर गोबी मंचुरी. पूर्वी कार्ड नव्हतं. सुकं, रस्सा, उंडे, अंडं, भाकरी, भात, एवढं मालक बसल्या जागी बोलून दाखवायचे. दुपारी अडीचला "संपलं" म्हणून दार निम्मं ओढून घ्यायचे. आता रात्री अकरापर्यंत सगळं मिळतं. सकाळपासून रात्रीपर्यंत जे संपतच नाही ते ताजं कसं, हा माझा साधा प्रश्न आहे.

भाव वाढले त्याबद्दल मी बोलत नाही. मटणाचा भाव मलाही माहीत आहे, घरी आणतो. पण रस्सा दुसऱ्यांदा मागितला तर त्याचे वेगळे पैसे? त्या खानावळीत रस्सा मागावा लागत नव्हता. वाटी रिकामी दिसली की पळी यायची.

इथं आणखी कुणी जाऊन आलंय का? का मीच नेमका वाईट दिवशी गेलो?

खडेबाजार

वाईट दिवस नव्हे की. मी पण गेलतो मागं. बसलो नाही तवर पोरगं आलं, "सर, स्टार्टर काय देऊ?" स्टार्टर म्हणे! तिथं स्टार्टर म्हंजे कांदा आणि लिंबू की रे.

उंडे नाहीत हे वाचून वाईट वाटलं. मी तर उंड्यांसाठीच जात होतो. सावजी लोकांच्या घरी मिळतात तसे, बाहेरून घट्ट आणि आत रस्सा मुरलेला. तसले हिकडं हॉटेलात कुठं मिळतात आता?

दुसरं_गेट

थोडं दुसऱ्या बाजूनं बोलतो, मारायला येऊ नका.

जुनी खानावळ होती तशी आठवा, आठवणीत धुऊन काढलेली नको. हात धुवायला मागच्या बाजूला पिंप आणि डबा. पावसाळ्यात दारात गुडघाभर चिखल. बाकड्यावर चौघांच्या जागी सहा जण. शेजारच्याचं हाड आपल्या ताटाजवळ. मालकांचा स्वभाव असा की "जरा लवकर आवरा" हे आपण जेवत असताना तोंडावर. बिल तोंडी, सुट्टे नाहीत म्हणून चार रुपये कायमचे त्यांच्याकडं.

नव्या माणसानं फरशी घातली, बेसिन बसवलं, फोनवरून पैसे घेतो, पंखे चालतात. रस्सा बिघडला असेल, मान्य. पण सगळं बिघडलं असं लिहिणं बरोबर नाही.

शहापूरची_सून

दुसरं गेट बोलले त्यात एक गोष्ट राहिली ती मी सांगतो.

माझं लग्न होऊन मी ह्या भागात आलो तेव्हापासून त्या खानावळीचं मटण खातो. पण आत बसून कधीच नाही. आत सगळे गडी. मागावरचे, उद्यमबागच्या फौंड्रीतले, बाजाराला आलेले. बायका पार्सल न्यायच्या, स्टीलचा डबा घेऊन मागच्या दारी. डबा आपला नसला तर अक्का रस्सा द्यायच्या नाहीत, पिशवीत बांधून तर कधीच नाही. आत जेवायचं कसं असतं हे मला आमच्या ह्यांनी सांगितलेलं.

आता मागच्या महिन्यात पोरांना घेऊन मी स्वतः टेबलावर बसलो. फॅमिलीला वेगळी खोली केलीय. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? मग जेवण आलं. अहो, डब्यातून घरी आणलेलं, गार झालेलं जुनं मटण ह्याच्यापेक्षा चांगलं लागायचं.

म्हणजे बसायला जागा मिळाली तेव्हा जेवण गेलं. आमच्या नशिबात दोन्ही एकदम नाही वाटतं.

चिकोडी_मेल

बाहेरच्या माणसाला दिलं की हेच होणार. नवीन मालक आपल्यातला नाही म्हणे. पाटीपण बघा, कन्नड केवढं मोठं आणि मराठी केवढं बारीक. सुरुवात तिथूनच होते.

दुसरं_गेट

पाटीचं इथं आणू नका हो. कर्नाटकात २०२४ च्या कायदादुरुस्तीनं पाटीवर साठ टक्के जागा कन्नडला द्यायची आहे, सगळ्या दुकानांना. जुने मालक असते तरी त्यांनाही तीच पाटी करावी लागली असती. त्या नियमाबद्दल तुमचं माझं मत काय असेल ते असो, मिठाशी त्याचा संबंध नाही.

खडेबाजार

आणि "आपल्यातला" म्हंजे कोण? जुन्या खानावळीत भट्टीवर वीस-बावीस वर्षं जो माणूस होता तो बागलकोटकडचा. मराठी त्याला शिव्यांपुरतं येत होतं. रस्सा त्याच्याच हातचा खाऊन आपण मोठं झालो की.

संचालक

चिकोडी मेल, सीमाप्रश्नासाठी वेगळा विभाग आहे, तिथं १९५६ पासून चर्चा चालू आहे आणि तुमचं स्वागत आहे. इथं खानावळ. हॉटेलचं, जुन्या वा नव्या मालकांचं नाव कुणी लिहू नये. दोन प्रतिसाद उडवले आहेत.

भट्टीवाला

मी ह्या धंद्यात होतो. कॅम्पात मेस चालवायचो, नंतर नाश्त्याचं हॉटेल, आता सोडलं. ही खानावळ विकली तेव्हाच्या बोलण्यात थोडाफार होतो, म्हणून जे सांगण्यासारखं आहे ते सांगतो.

जुने मालक सत्तरीच्या पुढचे. गुडघे गेलेले. मुलगा पुण्यात कंपनीत, सून तिथलीच. त्यानं एकदा येऊन महिनाभर गल्ल्यावर बसून बघितलं आणि हात जोडले. पहाटे साडेचारला बोकड बघायला जायचं आणि दुपारी तीनला आंघोळ करायची, हे आयुष्य कुणाला हवंय? त्याला दोष देत नाही.

दुसरं म्हणजे गिऱ्हाईक. ती खानावळ मागवाल्यांच्या जिवावर उभी होती. शहापूर, वडगाव, खासबाग ह्या पट्ट्यात सकाळपासून मागांचा आवाज असायचा, आठवतो ना? दुपारची सुट्टी झाली की एकदम पन्नास माणसं. आता किती माग चालतात ते तुम्हीच बघा. रोज ठरलेल्या वेळी येऊन ठरलेलं खाणारा माणूस गेला. उरला तो रविवारचा माणूस. रविवारच्या माणसावर अडीचला दार ओढायची खानावळ चालत नाही.

आता विकलं काय? जागेचा करार, भांडी, टेबलं, गॅस कनेक्शन आणि नाव. नावाचे पैसे वेगळे धरले होते. व्यवहारात त्याला गुडविल म्हणतात. घेणाऱ्यानं सगळ्यात जास्त पैसे त्या नावाचेच मोजले, म्हणून तो पाटी काढणार नाही. काढली तर त्यानं घेतलं काय?

पण करारात जे येत नाही ते ऐका. भट्टीवरचा माणूस येत नाही. तो मालकाचा होता, जागेचा नव्हता. जुन्या मालकांनी धंदा सोडायचं ठरवलं त्याच महिन्यात तो गावी निघून गेला. भाकरीवाल्या दोघी येत नाहीत. त्यांना नव्या माणसानं विचारलं होतं, पण पगार महिन्यावर म्हणाला. त्यांना भाकरीमागं पैसे मिळायचे आणि ते रोज संध्याकाळी हातात. महिनाभर थांबायला त्यांची चूल थांबते का? नाही म्हणाल्या.

आणि चटणी येत नाही. ही सगळ्यात मोठी गोष्ट. मालकीणबाई दर उन्हाळ्यात वर्षाची चटणी करून ठेवायच्या. ब्याडगी रंगाला, संकेश्वरी तिखटाला. कोणती किती हे त्यांनाच माहीत. बाजारातून मिरची आणायची, देठ काढायचे, गच्चीवर वाळवायची, कांदा-लसूण, सुकं खोबरं, तीळ, धणे वेगवेगळं भाजायचं आणि मग कांडपाला न्यायचं. आमच्या गल्लीपर्यंत खकाणा यायचा, माणसं शिंकत फिरायची. रस्सा-रस्सा म्हणता तो निम्मा त्या बरण्यांत होता. नव्या माणसानं चटणीचं प्रमाण मागितलं तेव्हा बाई म्हणाल्या, "मूठ बघून घालतो, लिहून काय देऊ?" मला वाटतं त्यांना द्यायचंच नव्हतं. तेही बरोबरच की. नाव नवऱ्यानं विकलं, चटणी त्यांची होती.

तर नव्या माणसाच्या हातात रिकाम्या बरण्या, कर्ज, आणि भिंतीवर नाव. त्यानं हुबळीहून आचारी आणला. तो आचारी धाब्यावरचा, त्याला हंडी येते, त्यानं हंडी केली.

हिशेब पण बघा. कच्चं मटण शिजून पाव ते तिसरा हिस्सा घटतं. त्यात हाड. जुनी खानावळ घरची माणसं राबून चालायची, बाईंचा पगार कुठं धरलेला नव्हता. आता आचारी, दोन वेटर, भांडीवाली, गल्ल्यावरचा पोरगा, सगळ्यांचा पगार. शिवाय एकोणीस किलोचा व्यापारी सिलिंडर. जुन्यांच्या मागच्या बाजूला लाकडाची चूल होती, ती ह्यांनी फरशी घालताना काढली. खोबरं २०२५ मध्ये कुठं जाऊन बसलं ते घरोघरी माहीत आहे. खसखस तर सोन्याच्या तराजूनं मोजायची. म्हणून मग डाळं, शेंगदाणा, काजूचा चुरा असलं काहीतरी घालून दाटपणा आणायचा. मार्कंडेयकाठ, तुम्हाला जी गोडी लागली ती तिथली.

मार्कंडेयकाठ

भट्टीवाले, हे सविस्तर लिहिलंत, आभार. पण मग माझी तक्रार अधिकच पक्की होते. त्याला चटणी मिळाली नाही, आचारी मिळाला नाही, भाकरीवाल्या राहिल्या नाहीत. मग तेच नाव लावून वाढीव भाव सांगायचा हक्क त्याला कशाचा? "अमुक खानावळ, आता नव्या व्यवस्थापनाखाली" एवढी एक ओळ पाटीखाली लिहिली असती तर मी पाहुण्यांना "चला, बघू कसं आहे" म्हणून नेलं असतं. "माझ्या लहानपणापासूनची खानावळ" म्हणून नेलं नसतं.

भट्टीवाला

ती ओळ लिहिली की पहिल्याच महिन्यात निम्मं गिऱ्हाईक कमी होतं. कुणी लिहीत नाही. बेळगावात नाही, कोल्हापुरात नाही, कुठंच नाही.

मार्कंडेयकाठ

कुणी लिहीत नाही हे मला पटतं. बरोबर आहे हे पटत नाही.

जांबोटी_रोड

रस्सा एवढा लाल आणि तिखट नाही म्हणजे रंग असणार. खायचा लाल रंग. डोळे झाकून सांगतो.

उगारची_प्रयोगशाळा

डोळे झाकून सांगू नका. ब्याडगी मिरचीचं वैशिष्ट्यच ते आहे: रंग भरपूर, तिखटपणा कमी. म्हणून तर तिला मागणी आहे, २०११ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. नुसती ब्याडगी वापरली, संकेश्वरी घातलीच नाही, आणि तेलात परतली, तर तुम्ही वर्णन केलात अगदी तसा रस्सा होतो. लालभडक आणि सौम्य.

रंग घालणारेही आहेत, हे खरं. कर्नाटक सरकारनं मार्च २०२४ मध्ये गोबी मंचुरीत कृत्रिम रंग वापरायला बंदी केली, आणि जून २०२४ मध्ये कबाबात. नमुने तपासल्यावर रंग सापडले म्हणून ती बंदी आली. पण कुणाच्या वाटीत काय आहे हे नमुना तपासल्याशिवाय म्हणता येत नाही. शंका असेल तर अन्नसुरक्षा अधिकाऱ्यांकडं तक्रार करता येते. इथं छातीठोक लिहिलंत तर तुमच्याच अंगावर येईल.

मटण गळून पडतं म्हणालात, त्याचं कारण बहुधा कच्ची पपई. तिच्यात पपेन नावाचं एन्झाइम असतं, ते मांसातली प्रथिनं तोडतं. थोडी लावली तर जून मटण लवकर शिजतं. जास्त लावली किंवा जास्त वेळ ठेवली तर बाहेरचा थर भुसभुशीत होतो आणि चावायला काही उरत नाही. गॅस वाचतो, वेळ वाचतो. मंद आचेवर तीन तास ठेवायला लाकडाची चूल लागते, आणि ती काढली हे भट्टीवाल्यांनी वर सांगितलंच.

तवंगाबद्दल एक सांगतो, जुन्या-नव्या दोघांनाही लागू. तळणीचं तेल पुन्हा पुन्हा तापवायचं आणि तेच रस्स्याला फोडणीला, ही सवय आपल्याकडं सर्रास आहे. तेलातले टोटल पोलर कंपाउंड, म्हणजे तेल तापून तापून खराब झाल्यानं तयार होणारे घटक, पंचवीस टक्क्यांच्या वर गेले की ते तेल वापरायचं नाही, असा नियम १ जुलै २०१८ पासून आहे. जुन्या खानावळीत हे कुणी मोजत होतं असं मला तरी वाटत नाही.

खडेबाजार

मोजलं असतं तर रस्साच बंद झाला असता. राहू दे ते.

हिंडलगा_नाका

बिलाबद्दल कुणीच बोललं नाही. माझ्या बिलावर खाली पाच टक्के जीएसटी आणि त्याच्या खाली पुन्हा पाच टक्के "सर्व्हिस". दोन्ही द्यायचं असतं का?

दुसरं_गेट

जीएसटी साध्या हॉटेलात पाच टक्के, अडीच केंद्राचा आणि अडीच राज्याचा. तो असू शकतो. हॉटेल कंपोझिशन योजनेत असेल, म्हणजे उलाढाल दीड कोटीपर्यंत आणि तो पर्याय घेतलेला असेल, तर मात्र गिऱ्हाईकाकडून वेगळा जीएसटी घेता येत नाही. बिलावर तसं लिहावंही लागतं. बिल नीट वाचा.

सर्व्हिस चार्ज सक्तीचा नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ४ जुलै २०२२ ला सांगितलं की तो आपोआप बिलात घालायचा नाही, दुसऱ्या नावानंही नाही. हॉटेलवाल्यांच्या संघटना त्याविरुद्ध दिल्ली हायकोर्टात गेल्या. कोर्टानं मार्च २०२५ मध्ये प्राधिकरणाची बाजू उचलून धरली. तेव्हा शांतपणे "हा काढा" म्हणायचं. नाहीच काढला तर १९१५ ह्या ग्राहक हेल्पलाइनवर सांगायचं.

बिलावर अन्नपरवान्याचा चौदा आकडी नंबर असायला हवा, २०२२ पासून ते बंधनकारक आहे. तेवढं बघून घ्या.

शहापूरची_सून

त्या पोराला "हा काढा" म्हणालो तर त्यानं लगेच काढला, वाद नाही घातला. म्हणजे मागणाऱ्याला काढून देतात, न मागणाऱ्याकडून घेतात. हे मला जुन्या मालकांच्या चार रुपयांपेक्षा जास्त टोचलं.

निपाणकर

आमच्याकडं निपाणीत उलटं झालं ते सांगतो. तंबाखूच्या वखारीजवळ एक हॉटेल होतं, मालक वारले, मुलींनी चालवायला दिलं. विकलं नाही, चालवायला दिलं, हे महत्त्वाचं. घेणारा माणूस हुशार. त्यानं पहिल्या दिवशी भट्टीवरच्या म्हाताऱ्याला बोलावून सांगितलं, "पगार नाही, गल्ल्यात हिस्सा." म्हाताऱ्यानं त्याच्या भाच्याला तयार केलं आणि मग बसला. फरशी, बेसिन सगळं नवं. कटवडा जुनाच. आजही संध्याकाळी उभं राहायला जागा नसते.

म्हणून भट्टीवाले म्हणतात ते सगळं खरं असलं तरी "दुसरं काही होऊच शकत नव्हतं" हे मला पटत नाही. भाकरीवाल्यांना रोजचे पैसे रोज द्यायला काय अडचण होती? सर्व्हिस चार्ज रोजच गोळा होत होता ना?

भट्टीवाला

निपाणकर, हे बोललात त्याला माझ्याकडं उत्तर नाही. मी त्याला तेव्हा सांगितलं होतं, बायकांना सोडू नकोस. त्याला वाटलं भाकरी काय, कुणीही थापतं. शाळूच्या पिठाला पाणी किती आणि कधी, हे सहा महिन्यांत येत नाही. त्यानं मशीनपण बघून ठेवलं होतं.

पुणे_व्हाया_बेळगाव

मी बाहेरगावी असतो. वर्षातून दोनदा येतो आणि गाडी थेट त्या बोळात नेतो. आई म्हणते, "घरी आधी ये की रे." धागा वाचून भूकच मेली. ह्या मे महिन्यात येणार आहे. मग आता कुठं जायचं ते तरी सांगा. धाबा नको, हंडी नको, कोल्हापुरी तांबडा-पांढरा पण नको, तो इथं पुण्यात गल्लोगल्ली आहे. आपलं पातळ, तिखट, भाकरी कुस्करून खायचं.

खडेबाजार

हॉटेल विसर. शनिवार खुटापासून विचारत जा, दोन-तीन सावजी घरगुती खानावळी आहेत, दुपारीच मिळतं. आदल्या दिवशी सांगितलं तर उंडे करतात.

जांबोटी_रोड

खानापूरच्या अलीकडं पण एक जण बुधवार-रविवार करतो. बसायला जागा नाही, गाडीच्या बॉनेटवर ताट. रस्सा बरा आहे. मीठ त्याचं कधी-कधी जास्त होतं.

शहापूरची_सून

पुण्याच्या भावा, भाकरीसाठी मी सांगतो. त्या खानावळीतल्या दोघींतली धाकटी आता वडगावात घरी ऑर्डर घेते. भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. सकाळी दहाच्या आत सांगायचं, दुपारी कापडात गुंडाळून देते. लग्नघरची ऑर्डर असली तर बाकी कुणाला नाही म्हणते, तेवढं विचारून घे. नंबर इथं देत नाही, निरोपात पाठवतो.

मार्कंडेयकाठ

मलाही पाठवा.

हिंडलगा_नाका

मलाही.

दुसरं_गेट

मलाही. (फरशी आणि बेसिनवाला असलो तरी भाकरी मलाही लागते.)

भट्टीवाला

काल नव्या मालकाची गाठ पडली, रविवार पेठेत, खोबरं घेत होता. धागा त्याला कुणीतरी आधीच दाखवला होता. पहिली पाच मिनिटं तापला. "एवढं कर्ज घेऊन उभं केलंय, ह्या लोकांना घरी बसून लिहायला काय जातंय?" मी म्हटलं, घरी बसलेलं गिऱ्हाईक निदान लिहितंय तरी, न लिहिणारं नुसतं दुसरीकडं जातंय. मग चहा घेतला.

बोलण्यातून जे निघालं ते असं. आठवड्याच्या दिवशी हंडीच विकते, तरुण पोरं तेच मागतात, ते तो बंद करणार नाही. रविवारी दुपारी जुन्या पद्धतीचं करायला तयार आहे: पातळ रस्सा, सुकं, पपई न लावता, आणि संपलं की संपलं. दुसऱ्यांदा रस्स्याचे पैसे घ्यायचे नाहीत हे कबूल केलं. सर्व्हिसचं विचारलं तर म्हणाला, "ते काढूनच टाकतो, कटकट." पाटीखाली ओळ लिहिण्याबद्दल बोललो, त्यावर हसला. म्हणजे नाही.

चटणीचं मी मालकीणबाईंकडं शब्द टाकतो म्हणालो. त्या करून देणार नाहीत, गुडघ्यांनी आता त्यांनाही धरलंय. पण समोर बसून भाजणी दाखवतील कदाचित. मिरचीचा हंगाम आता सुरूच होतोय. ह्यावर्षी बसल्या तर बसल्या, नाहीतर पुढचं वर्ष.

खडेबाजार

आणि उंडे?

भट्टीवाला

उंड्यांचं नाव काढल्यावर त्याचा आचारी माझ्याकडं बघत राहिला. तू शिकव जा.

मार्कंडेयकाठ

रविवारचं खरंच केलं तर मी जाईन, पाहुण्यांशिवाय. भाकरीचं काय म्हणाला?

भट्टीवाला

थोरलीला निरोप धाडलाय. ती म्हणते, रोजचे पैसे रोज, आणि मशीन आधी बाहेर काढा. त्याचं उत्तर अजून आलेलं नाही.